क्लेम गॅरिटीची फाटकं

कोराडिल्ला हे आमचं गुरांचं स्टेशन, म्हणजे मैलोनमैल कुंपणं घातलेलं गुरं पाळायचं रान. त्याचा इतिहास लिहिलेला आहे, चांगला चौसष्ट पानांचा. तो क्लेम गॅरिटीनं स्वतः लिहिला, स्वतःच छापून घेतला, आणि त्याच्या सहाशे प्रतींपैकी साडेपाचशे अजून माझ्या कोठीत पिठाच्या पोत्यांमागे पडून आहेत. आमच्याकडची वाळवी काहीही खाते. तिनं दाराच्या चौकटी खाल्ल्या, एकदा आख्खं खोगीर खाल्लं. पण या पुस्तकाला तिनं आजवर तोंड लावलेलं नाही.

मी इथे एकोणीस वर्षं स्वयंपाकी आहे. पावसाळ्यात रस्ते बंद झाले की वाचायला दुसरं काही उरत नाही, म्हणून मी ते पुस्तक चार वेळा वाचलंय. गॅरिटी घराण्याबद्दल माझं मत त्याआधी बरं होतं.

पुस्तक सुरू होतं क्लेमच्या आजापासून, थॅडियस गॅरिटीपासून. १९११ साली तो तीनशे गुरं घेऊन उत्तरेकडे निघाला. गुरं बहुतेक त्याचीच होती. जायचं होतं आणखी दोनशे मैल पुढे, जिथे बारमाही नदी आहे, गुडघाभर गवत आहे. इथे आल्यावर बैलगाडीचा आस मोडला. दुसरा आस बरोबर घ्यायची अक्कल नव्हती, म्हणून तो बसला. बसला तो बसलाच. पुस्तकात याला ‘दूरदृष्टीने केलेली निवड’ असं म्हटलंय. पडलो तरी नाक वर, हे या घराण्याचं बोधवाक्य फाटकावर कोरून लावायला हरकत नाही.

पुढच्याच पानावर थॅडियसला ‘ईश्वरी कृपेने’ पाण्याचा डोह सापडतो. आमचा मुख्य गुराखी हर्बी इथल्याच मूळ लोकांतला. या डोहाच्या काठी त्याचे लोक कधीपासून राहतात, हे सांगायला पुस्तकं पुरायची नाहीत. क्लेमनं मोठ्या प्रेमानं सही करून त्याला एक प्रत दिली, तेव्हा हर्बीनं ते पान दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटलं.

‘‘क्लेम, तुझ्या आजाला डोह सापडला ना, तेव्हा माझी आजी तिथे मासे भाजत बसली होती.’’

‘‘असेल,’’ क्लेम म्हणाला.

‘‘तिनंच त्याला मासा दिला खायला. ते नाही लिहिलंस.’’

‘‘सगळंच कसं लिहिणार? पानं वाढतात.’’

वळूंवर मात्र अडतीस पानं आहेत. प्रत्येक वळूचं नाव, वजन, स्वभाव. क्लेमच्या बायकोवर अर्धी ओळ आहे.

थॅडियसचा मुलगा विल्फ. त्यानं सात बोअर खणल्या आणि सहा मुलं जन्माला घातली. बोअरपैकी चारांना पाणी लागलं. मुलांपैकी पाच जणांनी कळायला लागल्याबरोबर शहर गाठलं. सहावा क्लेम. तो राहिला म्हणून मालक झाला, आणि मालक झाला म्हणून त्याला वाटू लागलं की आपल्याला यातलं काही कळतं.

खरं सांगायचं तर स्टेशन कसं चालतं ते स्टेशनलाच ठाऊक. पाऊस संपला की एप्रिलपासून रानोमाळ विखुरलेली गुरं गोळा करायची, वासरांना डाग द्यायचे, विकायची ती ट्रकांत चढवायची. ऑगस्टात पुन्हा एकदा तेच. मग ऑक्टोबरपासून पाऊस पडेपर्यंत एकच काम: पाणी. कुठली बोअर चालू आहे, कुठल्या डोणीत किती पाणी आहे, एवढंच बघत फिरायचं. हे सगळं हर्बी आणि क्लेमची मुलगी रोना पाहत असत. क्लेमचं काम देखरेखीचं. गुरं गोळा करायच्या वेळी तो टेकडीवर गाडी उभी करायचा, दुर्बीण लावायचा आणि रेडिओवरून हेलिकॉप्टरवाल्याला, घोडेस्वारांना, मोटारसायकलवाल्यांना, सगळ्यांना एकदमच हुकूम सोडायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, त्यातला हा प्रकार. सगळ्यांनी आपापल्या रेडिओचा आवाज कमी केलेला असायचा, त्यामुळे काम सुरळीत होई. क्लेम तरी कुठे दुसऱ्याचं ऐकायचा? सकाळी सहाला सगळ्यांनी रेडिओवर येऊन कोण कुठे चाललंय ते सांगायचं, हा नियम त्याच्याच बापानं घातलेला. क्लेमच्या मते त्या वेळी नुसत्या बायकी गप्पा होतात. तोही आवाज बारीक करून ठेवायचा.

एका गोष्टीत मात्र तो पक्का होता. फाटकं.

फाटक जसं सापडलं तसं सोडावं, हे आमच्या मुलखात आईच्या दुधाबरोबर शिकवतात. उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. क्लेमनं यातला अर्धाच भाग घेतला. त्याच्या लेखी जगात लावलेलं फाटक आणि गुन्हा असे दोनच प्रकार होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. ज्यानं फाटक उघडं टाकलं त्याचं नाव त्यावर खडूनं लिहायचं, आणि त्यानं सगळ्यांना बिअरचा एक खोका पाजायचा. एकदा एक पाद्री घराला आशीर्वाद द्यायला तीनशे किलोमीटरवरून आले. वाटेत फाटक उघडं टाकलं असं कळल्यावर क्लेमनं त्यांना चहासुद्धा न देता एकतीस मैल मागे पाठवलं. पाद्रीबाबांनी जाऊन फाटक लावलं, आणि लावलं ते बाहेरच्या बाजूनं. परत आलेच नाहीत. घर अजून आशीर्वादावाचून आहे, आणि ते दिसतंही.

गाडी चालवणारा जागचा हलत नाही, शेजारी बसलेला उतरून फाटक उघडतो, ही आणखी एक रीत. गाडी पुढे काढायची, शेजारच्यानं धुळीत उभं राहून फाटक लावायचं, आणि पळत येऊन बसायचं. क्लेम एकटा असला तर गोष्ट वेगळी. पण गाडीत दुसरा माणूस असला तर पन्नास वर्षांत त्यानं चाक सोडलं नाही. त्याची बायको बेरिल लग्न होऊन आली त्या दिवशी हमरस्त्यापासून घरापर्यंत तिनं पांढऱ्या बुटांत सतरा फाटकं उघडली आणि सतरा लावली. नवरदेव चाकावर बसून शीळ घालत होता. पुढची एकतीस वर्षं बेरिलनं पुष्कळशी गाडीच्या मागच्या धुळीत काढली, आणि एका जूनमध्ये ती गेली. चांगली बाई. माझ्या हातचा केक बिघडला तर स्वतःचं चुकलं म्हणायची.

तर, गोष्ट चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरची. त्या वर्षी ईस्टरला जेवणाच्या टेबलावर रोनानं बापाला सरळ सांगितलं होतं.

‘‘डॅड, येता उन्हाळा शेवटचा. तू एकाहत्तरचा झालास. पाऊस पडायच्या आत कारभार माझ्याकडे दे, नाहीतर मी जाते. मला दुसऱ्या स्टेशनवर मॅनेजरची जागा आलीय.’’

रोना बोलल्याप्रमाणे वागणारी. तिच्यावाचून कोराडिल्ला दोन वर्षांत लिलावात निघालं असतं, हे हर्बीला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, ट्रकवाल्यांना ठाऊक होतं.

क्लेमनं मटणाचा तुकडा चावून संपवला. ‘‘तीन पिढ्यांत गॅरिटीच्या हातून एकही जनावर तहानेनं मेलेलं नाही,’’ तो म्हणाला. (पुस्तकात पान एकावन्न. खोटं आहे.) ‘‘ज्या दिवशी माझ्या चुकीनं एक जनावर तहानेनं मरेल, त्या दिवशी चाव्या तुझ्या. तोवर नाही.’’

‘‘कबूल?’’

‘‘हर्बी साक्षीला आहे. पर्सी आहे.’’

पर्सी म्हणजे मी. मी भांडी उचलत होतो, म्हणून साक्षीदार झालो.

तेव्हापासून क्लेमनं पाण्याची फेरी स्वतःकडे घेतली. एक दिवसाआड गाडी घेऊन एकटा निघायचा, डोण्यांत हात बुडवून बघायचा, आणि आल्यावर समुद्र ओलांडून आल्यासारखा खुर्चीत पडायचा. काही बिघडलेलं दिसलं की घरी येऊन सांगायचा, मग रोना जाऊन दुरुस्त करायची. हे त्याला पूर्ण फेरी वाटायचं.

नोव्हेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, पारा चव्वेचाळीसवर गेला. एका सोमवारी विधवेच्या बोअरचा पंप मेला. विधवेची बोअर हे तिचं नाव. विल्फनं ती एका विधवेच्या सांगण्यावरून खणली होती, म्हणूनच तिला पाणी लागलं. तिच्या रानात चारशे गाई होत्या, बऱ्याच लेकुरवाळ्या. पंपाचा भाग आणायला शहरात जाऊन यायला तीन दिवस. रोनानं सोमवारी संध्याकाळी शेजारच्या रानाचं फाटक उघडलं. तिथली बोअर उत्तम चालू होती, फाटकापासून डोण दोन किलोमीटरवर. फाटक वाऱ्यानं लागू नये म्हणून तिनं ते तारेनं कुंपणाला बांधलं, आणि कोणाच्याही नजरेत भरावं म्हणून वर लाल चिंधी बांधली. मंगळवारी सकाळी सहाला तिनं रेडिओवरून सगळ्यांना सांगितलं: विधवेचं फाटक मुद्दाम उघडं ठेवलंय, कोणी लावू नका. मग ती शहराकडे निघाली. हर्बी सत्तर किलोमीटरवर पूर्वेच्या रानात होता, त्यानं ऐकलं. मी पाव भाजत होतो, मी ऐकलं. क्लेमच्या रेडिओचा आवाज बारीक होता.

मंगळवारी दुपारी चहाच्या वेळेला क्लेम आला तो फेरी अर्धी टाकून, लालबुंद होऊन. टोपी काढली नाही, खुर्चीवर बसला नाही. कुंपणाचं काम करणारे तीन गडी चहा पीत होते.

‘‘कोणीतरी फाटक उघडं टाकलं होतं,’’ तो म्हणाला.

‘‘कुठलं?’’ मी विचारलं.

‘‘ज्यानं टाकलं त्याला माहीत आहे.’’

‘‘पण कुठलं ते तरी...’’

‘‘पर्सी, तू तुझे बटाटे बघ. मी नाव सांगणार नाही. गुन्हेगार स्वतः येऊन सांगेल.’’

ही त्याची जुनी खोड. फाटकाचं नाव सांगितलं तर गुन्हेगार सावध होतो म्हणे. न सांगता वाट बघायची, त्याला आतून खाऊ द्यायचं. तो याला मानसशास्त्र म्हणायचा.

मानसशास्त्रानं काम केलं, नाही असं नाही. बुधवारी सकाळी तिघांतला एक जण टोपी हातात घेऊन आला. ‘‘मालक, ते डागाच्या गोठ्यापाशी... जुलैमध्ये... मीच होतो.’’

‘‘ते नव्हे,’’ क्लेम म्हणाला, आणि फळ्यावर त्याचं नाव लिहिलं.

दुपारी दुसरा आला. त्यानं मार्चमधलं एक फाटक कबूल केलं, जे तोवर कोणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तिसरा आला. त्यानं काहीच केलेलं नव्हतं, पण दोघांची नावं फळ्यावर बघून त्याला ताण सहन होईना. फाटक आठवेना म्हणून त्यानं माझी कोंबडी गाडीखाली आल्याचं कबूल केलं. क्लेमनं त्याचंही नाव लिहिलं. ‘‘तेही नव्हे,’’ तो मला म्हणाला, आणि बिनदुधाचा चहा पीत बसला. अपमान झाल्यावर तो दूध घेत नाही. त्याचं असं दुःखात बसणं बघायला मला आवडायचं, हे मी लपवत नाही. विधवेचं तर नव्हे ना, एवढं मी विचारायला हवं होतं. मी त्याला आणखी बिनदुधाचा चहा दिला.

गुरुवारी त्याची फेरी होती. ती त्यानं केली नाही. गुन्हेगार येईल तेव्हा आपण घरी असलेलं बरं, असं त्याला वाटलं.

त्याच दिवशी बाराच्या सुमाराला रोना शहरातून आली, पंपाचा भाग मांडीवर ठेवून, लेकरू आणावं तशी. हर्बीही शिधा न्यायला आला होता. मी पानं वाढली. क्लेमला नवे श्रोते मिळाले.

‘‘तुझे गडी, हर्बी,’’ तो म्हणाला. ‘‘तीन दिवस झाले, कबूल करत नाहीत. उघडं टाकलं इथवर मी समजू शकतो. पण तारेनं बांधून ठेवलं होतं. आणि वर लाल चिंधी. माझी टिंगल करायला.’’

रोनाचा काटा ताटाच्या वर थांबला.

‘‘डॅड. लाल चिंधी?’’

‘‘लाल. माणसाच्या तोंडावर हसल्यासारखी.’’

‘‘ती माझ्या शर्टाची बाही आहे. विधवेच्या बोअरचा पंप बंद आहे. मी मंगळवारी रेडिओवर सांगितलं.’’

हर्बीनं ताट सारून टोपी उचलली.

‘‘तू ते लावलंस?’’

‘‘लावलं,’’ क्लेम म्हणाला. ‘‘नशिबानं गाई सगळ्या अलीकडेच चरत होत्या. दुहेरी साखळी घातली.’’

‘‘केव्हा?’’

‘‘मंगळवारी. दुपारी.’’

हर्बी तोवर दाराबाहेर गेलेला होता.

आम्ही दोन गाड्यांतून गेलो, तिन्ही गडीसुद्धा. शेवटचा उतार चढायच्या आतच आवाज आला. हंबरणं म्हणवत नाही त्याला. घसा कोरडा पडल्यावर राहतं ते. चारशे गाई त्या फाटकाला भिडून उभ्या होत्या, माना कुंपणावरून पलीकडे, जिभा बाहेर. वाऱ्यावर पलीकडच्या पाण्याचा वास येत होता, म्हणून तिथून हललेल्या नव्हत्या. ज्या खाली पडल्या होत्या त्यांच्यावर बाकीच्या उभ्या होत्या.

क्लेम गाडी थांबायच्या आत उतरला आणि धावत जाऊन साखळी सोडू लागला. हर्बीनं त्याचं मनगट धरलं.

‘‘सगळ्या एकदम सोडशील तर डोणीवर चेंगरून निम्म्या मरतील. वासरं तर सगळीच.’’

‘‘मग?’’

‘‘तीस-तीस. रोना आणि मी तिकडे डोणीवर थांबतो. ही पोरं मागून रेटा थोपवतील. तू फाटकावर. मी हात वर केला की उघड. खाली केला की लाव.’’

‘‘लावू?’’

‘‘लाव, क्लेम. तेच येतं ना तुला.’’

साडेचार तास चाललं ते. चव्वेचाळीस अंश, सावली म्हणावं असं एक झाड नाही. हर्बीचा हात वर, फाटक उघडं, तीस गाई बाहेर, हात खाली, फाटक बंद. पुढच्या गाई लाकडावर डोकं आपटायच्या, क्लेम छातीनं फाटक रेटून धरायचा. एका गाईनं त्याचा अंगठा ठेचला, दुसरीनं त्याच्या टोपीचा चुरा केला. तो एक शब्द बोलला नाही. रेडिओवरून हुकूम नाही, वळूंची वंशावळ नाही. पंधरा वर्षांत मी त्याला काम करताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही स्वतःच्या गाढवपणाचं.

शेवटी एकोणीस गाई आणि सात वासरं फाटकाच्या अलीकडेच राहिली. मढी ओढून न्यायला हर्बीनं गडी ट्रॅक्टर आणायला पाठवले. क्लेम त्यांच्यामधून हळूहळू चालत गेला आणि प्रत्येकीच्या कानावरचा टॅग वाकून वाचला. का वाचला, त्याचं त्याला माहीत.

घरी आल्यावर त्यानं हात धुतले नाहीत. स्वयंपाकघरात आला, खडू घेतला आणि फळ्यावर सगळ्यात खाली लिहिलं: क्लेम. मग बराच वेळ तिथेच उभा राहिला. आता वरची तीन नावं पुसेल, असं मला वाटलं. पुसली नाहीत. माणूस एका दिवसात किती बदलणार?

राहता राहिल्या चाव्या. ईस्टरला मोठ्या तोऱ्यात बोलला होता, पण देणार काय? कोराडिल्लात घराला कुलूप नाही, कोठीला नाही, कचेरीला नाही. गाड्यांच्या चाव्या गाड्यांतच लटकत असतात, पावसाळा असो की उन्हाळा. कोणाच्या हातात ठेवता येईल अशी एकही चावी या सबंध स्टेशनवर नाही. त्याला हे बोलतानाच ठाऊक असणार, अशी मला दाट शंका आहे. गॅरिटी देतात ते बहुधा अशाच प्रकारचं असतं.

रोनानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. शुक्रवारी उजाडताच तिनं पंपाचा भाग आणि हत्यारं गाडीत टाकली आणि आत येऊन माझ्याकडून डबा घेतला. खिडकीतून मला अंगण दिसतं. क्लेम व्हरांड्यातून खाली उतरला, नवी टोपी घालून, अंगठ्याला चिंधी गुंडाळून. सवयीनं गाडीच्या उजव्या दाराशी गेला. दाराच्या कडीवर हात ठेवला. पन्नास वर्षं तो हात तिथे गेलेला. मीही बटाटा सोलायचा थांबलो.

मग त्यानं हात काढला, गाडीच्या पुढून वळसा घातला आणि डाव्या बाजूला जाऊन बसला.

रोना बाहेर आली. रिकामं चाक बघितलं, बापाकडे बघितलं, आणि चढून बसली. इंजिन सुरू झालं. अंगणाचं फाटक माझ्या खिडकीपासून वीस पावलांवर आहे. तिथे गाडी थांबली. दोघंही समोर बघत बसले. क्लेम वाट बघत होता, कशाची ते देव जाणे. रोना त्याच्यापेक्षा जास्त वेळ वाट बघू शकते. ते तिनं आईकडून घेतलंय.

शेवटी तो उतरला. फाटक उघडलं. रोनानं गाडी जोरात पुढे काढली, तो कशी काढायचा अगदी तशी, आणि लाल धुळीचा लोट त्याच्या अंगावर गेला. धूळ बसली तेव्हा तो नखशिखांत विटेच्या रंगाचा झाला होता. त्यानं फाटक लावलं, दोनदा हलवून पाहिलं, आणि खोकत खोकत गाडीकडे गेला.

‘‘जरा हळू काढता येत नाही गाडी?’’ तो म्हणाला. ‘‘सगळी धूळ तोंडात गेली.’’

‘‘आई कधी काही बोलली नाही,’’ रोना म्हणाली.

क्लेमनं दार ओढून घेतलं. विधवेच्या बोअरपर्यंत अजून दहा फाटकं होती.